गणपतीला गावाला जाणार ना?

जुलै उजाडला की आमच्या ऑफिसात दोन प्रकारची माणसं लगेच ओळखू येतात. एक म्हणजे पावसाळी ट्रेकचे फोटो दाखवत फिरणारी आणि दुसरी म्हणजे कॅलेंडर उघडून बोटांवर दिवस मोजणारी. दुसऱ्या प्रकारातली बहुतेक कोकणातली. लिफ्टमध्ये, कॅन्टीनमध्ये, कंपनीच्या बसमध्ये एकमेकांना एकच प्रश्न विचारतात, "गणपतीला गावाला जाणार ना?" उत्तर माहीतच असतं, पण विचारल्याशिवाय राहवत नाही.

२०२५ साली चतुर्थी आली २७ ऑगस्टला, बुधवारी. गौरी आल्या रविवारी ३१ ला आणि गेल्या मंगळवारी, २ सप्टेंबरला. आमच्याकडे गणपती गौरींबरोबर जातो. म्हणजे चतुर्थीची सुट्टी आणि मधला शनिवार-रविवार सोडला तरी चार रजा, शिवाय येण्याजाण्याचं वेगळंच. आमचा मॅनेजर इंदूरचा. त्याने अगदी निरागसपणे विचारलं, "पिछले साल तो छे दिन का था, इस साल सात क्यूं?" मग त्याला समजावलं की गौरी अनुराधा नक्षत्रावर येतात, ज्येष्ठावर जेवतात आणि मूळ नक्षत्रावर जातात, त्यामुळे दिवस मागेपुढे होतात. आपली लीव्ह पॉलिसी काही नक्षत्र बघत नाही. हसला बिचारा आणि रजा अप्रूव्ह करून टाकली.

तर मंडळी, मी दरवर्षीप्रमाणे गुहागरला गेलो. पण या वर्षी डोक्यात एक विषय घोळत होता. बाबांनी निघण्याआधीच सांगून ठेवलं होतं की गौरीच्या रात्री सगळे बसून एकदाचं ठरवायचं: यापुढे गणपती गुहागरच्या घरीच आणायचा, की इकडे चिंचवडला? हा लेख त्या बैठकीबद्दल, आणि त्या निमित्ताने फळीवरून खाली उतरलेल्या एका जुन्या वहीबद्दल.

आधी थोडं घराविषयी. ज्यांनी गुहागर पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. गाव उभं, लांबट आहे. समुद्राला समांतर एक रस्ता, त्याच्या दोन्ही अंगांना घरं आणि घरांमागे नारळी-पोफळीच्या वाड्या. समुद्राकडच्या वाड्या संपल्या की सुरूची झाडं, मग वाळू, मग पाणी. चिंचवडहून आम्ही रात्री दहाला निघतो. सातारा, उंब्रज, पाटण, कोयनानगर करत पहाटे कुंभार्ली घाट उतरायचा, चिपळूणला चहा घ्यायचा आणि उजाडता उजाडता गुहागर. ज्यांच्याकडे गाडी नाही ते वल्लभनगरहून एस.टी.ने येतात. मुंबईकरांची तर गोष्टच वेगळी. २०२४ साली मुंबई, ठाणे, पालघर भागातून गणपतीसाठी एस.टी.ने चार हजारांहून जास्त जादा गाड्या सोडल्या. वाडीच्या वाडी मिळून अख्खी गाडी बुक करते आणि ती थेट वाडीच्या तोंडाशी येऊन थांबते.

एरवी या रस्त्यावर संध्याकाळी सातनंतर चिटपाखरू नसतं. गणपतीत मात्र दारोदार गाड्या. चाकणच्या, भोसरीच्या, कळंबोलीच्या, विरारच्या. ए.टी.एम.मधले पैसे दुपारपर्यंत संपलेले. किराणा दुकानात शहरी पोरं ओट्सचं दूध विचारतायत आणि दुकानदार शांतपणे नारळ दाखवतोय. गणपतीची मूर्ती आणायला निघायचं तर पाट आपला. तो नागपंचमीच्या सुमारासच कारखान्यात देऊन ठेवलेला असतो. (कोकणात मूर्तिकाराच्या शेडला कारखाना किंवा शाळा म्हणतात. चाकणला असेंब्ली लाईनवर काम करणारा माझा पुतण्या म्हणतो, मी वर्षभर एका कारखान्यात आणि गणपतीत दुसऱ्या.) घरी आणल्यावर वरती टांगलेल्या लाकडी चौकटीला कवंडळं, काकड्या, ओल्या सुपारीचे घोस, आंब्याचे टहाळे बांधायचे. त्या दिवशी उकडीचे मोदक, दुसऱ्या दिवशी ऋषीपंचमीची भाजी. संध्याकाळी आरत्या. एका घरची संपली की सगळी फौज पुढच्या घरी. मग गौरी आल्या की तेरड्याची रोपं, नव्या सुनेचा ओवसा, सुपं, फुगड्या आणि रात्री जाखडीचा नाच. काही घरांत गौरीला तिखटाचा नैवेद्य असतो, त्याचा वास आला की पाच दिवसांचे शाकाहारी लोक अचानक त्या घराशी नातं आठवायला लागतात.

मधेच पुतणी पडवीत लॅपटॉप घेऊन स्टँडअप कॉलला बसलेली. स्वतःची वेळ आली की म्यूट काढायचं, दोन वाक्यं बोलायची, परत म्यूट. मागे झांजा चालूच.

हे सगळं बघताना वाटतं की हे असंच शेकडो वर्षं चाललंय. मलाही तसंच वाटायचं. पण थोडं मागे गेलं तर लक्षात येतं की सण जुना असला तरी तो साजरा करायची ही पद्धत, म्हणजे बाहेरगावच्या माणसांनी गाड्या भरभरून यायचं, बंद घरं उघडायची, आठवडाभर गाव दणाणून सोडायचं आणि परत कुलूप, ही काही फार जुनी नाही. ती नोकरीने घडवली आहे. आणि रस्त्याने.

चाकरमानी हा शब्दच बघा ना. चाकरीला गेलेला माणूस. मुंबईत कापडगिरण्या १८५०च्या दशकात सुरू झाल्या आणि पुढच्या पंचवीस-तीस वर्षांत रत्नागिरी जिल्ह्यातून (तेव्हा आजच्या सिंधुदुर्गाचा काही भागही त्यातच) माणसांचा ओघ लागला. १८८१ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या पावणेआठ लाखांच्या आसपास होती आणि त्यातले सव्वा लाख लोक रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले होते. म्हणजे दर सहा मुंबईकरांमागे एक. आज आपण बंगळूरमधल्या मराठी लोकांबद्दल बोलतो तेव्हा हा आकडा आठवावा!

ही माणसं गावाला जायची कशी? बोटीने. भाऊच्या धक्क्यावरून आगबोट निघायची आणि किनाऱ्याने एकेक बंदर घेत खाली जायची. आमच्यासाठी बंदर म्हणजे दाभोळ. बोट आत उभी राहायची, पडावातून धक्क्याला यायचं, मग वाशिष्ठीची खाडी होडीने ओलांडून वेलदूर-अंजनवेलच्या बाजूला उतरायचं आणि डोक्यावर ट्रंक घेऊन गुहागरपर्यंत चालायचं. (आता तिथेच दाभोळ-धोपावे फेरीबोट आहे, २००३ पासून. गाडीसकट दहा-पंधरा मिनिटांत पलीकडे.) माझे आजोबा लालबागच्या एका गिरणीत होते. ते असेच यायचे.

पण इथे एक गंमत आहे, आणि ती मला या वर्षीपर्यंत कधी सुचलीच नव्हती. पावसाळ्यात समुद्र खवळलेला. दक्षिणेकडे जाणाऱ्या बोटी तेव्हा बंद असायच्या आणि नारळी पौर्णिमेनंतर समुद्र जसा निवळेल तशा हळूहळू सुरू व्हायच्या. नारळी पौर्णिमा ते चतुर्थी यात अंतर किती, तर जेमतेम अठरा-एकोणीस दिवस. पावसाळी समुद्र काय करू शकतो हे त्या पिढीला चांगलं माहीत होतं. १७ जुलै १९४७ ला, ऐन आषाढी अमावास्येला, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडाली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. रेवस म्हणजे तसं हाकेच्या अंतरावर. मग ऑगस्टअखेरीस चतुर्थी आली तर दाभोळचा माणूस घरी यायचा कसा?

याचं उत्तर वहीत होतं.

झालं असं की ऋषीपंचमीला दुपारी काकीने मला फळीवरून पत्र्याची पेटी काढायला सांगितली. आरतीच्या जुन्या झांजा हव्या होत्या. झांजांखाली कापडात गुंडाळलेल्या दोन लांबट वह्या. वाण्याच्या दुकानात असतात तसल्या, लाल कापडी पुठ्ठ्याच्या. "ती गणपतीची वही," काकी म्हणाली, "तुझ्या आजीने सुरू केली. तिला लिहिता येत नव्हतं, ती सांगायची आणि पोरं लिहायची."

पहिली नोंद १९५७ ची. अक्षर मोठ्या काकांचं, तेव्हा वय वर्षं दहा. मूर्ती इतके रुपये, गूळ इतका, तांदूळ घरचे, भटजींची दक्षिणा. आणि दरवर्षी शेवटी एक ओळ: कोण आलं, कोण नाही. १९६५ ला काका मुंबईला गिरणीत लागले आणि अक्षर बदललं. ते माझ्या बाबांचं. १९७४ पासून परत बदललं, ते काकीचं, आणि ते आजतागायत चालू आहे. म्हणजे अडुसष्ट वर्षांचा लॉग! एवढ्या वर्षांचा लॉग मी कुठल्याच सिस्टीममध्ये पाहिलेला नाही :)

दुपारभर तेच करत बसलो. १९६० सालची नोंद: "बाबा आले नाहीत. मनिऑर्डर ३० रु." त्या वर्षी चतुर्थी ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात होती. १९६१: "बाबा आले. बोटीने." त्या वर्षी चतुर्थी सप्टेंबरच्या मध्यावर. दरवर्षी कारण बोटच असेल असं नाही. कधी रजा नसेल, कधी पैसे नसतील. पण मोजून पाहिलं तर १९५७ ते १९७१ या पंधरा गणपतींपैकी आजोबा फक्त सहांना हजर होते. सहा! आणि आमच्या घरात लहानपणापासून ऐकलेलं वाक्य काय, तर "आजोबांनी एकही गणपती चुकवला नाही."

खरं तर तो चुकवला नाही आजीने. मूर्ती आणायला शेजारचे, पूजेला भटजी, आरतीला वाडीतली मंडळी आणि बाकी सगळं ती. आजोबांची मनिऑर्डर यायची, ते कधी यायचे, कधी नाही. गणपती मात्र पंधराच्या पंधरा वेळा बसला.

पुढची पानं चाळताना अजून एक गोष्ट दिसली. सत्तरच्या दशकात "आले"च्या ओळी वाढत जातात आणि "एस.टी.ने" हा शब्द दिसायला लागतो. एस.टी.ची पहिली गाडी १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर धावली हे आपल्याला शाळेपासून पाठ असतं. पण तिने कोकणाचं काय केलं हे कोणी शिकवत नाही. रस्ते सुधारले, खाड्यांवर पूल होत गेले, तसा पावसाळ्यातही घरी जायचा भरवशाचा मार्ग मिळाला. भाद्रपदातला सण गावाबाहेरच्या माणसाच्या आवाक्यात आला. आमच्या घरापुरतं बोलायचं तर गणपतीला "सगळे येतात" ही गोष्ट तेव्हापासूनची आहे. म्हणजे माझ्या बाबांच्या तरुणपणाएवढी जुनी.

बाबा मुंबईला गेले नाहीत. आय.टी.आय. करून १९७६ ला ते घाट चढून पिंपरीला आले. तेव्हा इथे काय होतं? हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९५४ पासून होती. १९६२ ला एम.आय.डी.सी. स्थापन झाली आणि पिंपरी, चिंचवड, भोसरीच्या माळावर प्लॉट पडले. टेल्को साठच्या दशकात आली. आकुर्डीला स्कूटर बनत होत्या. या मोठ्या कारखान्यांच्या आजूबाजूला छोटे वर्कशॉप, फाउंड्री, प्रेस शॉप. फिटर, टर्नर, वेल्डर झालेल्या पोरांना काम होतं. एक माणूस लागला की तो गावातल्या चौघांना आणायचा, खोलीत सहाजण झोपायचे, अगदी गिरणगावातल्या गाळ्यासारखं.

आणि मग १९८२. १८ जानेवारीला मुंबईतले अडीच लाख गिरणी कामगार डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संपावर गेले. तो संप तसा कधी अधिकृतपणे संपलाच नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पिंपरी-चिंचवडची महानगरपालिका झाली. एका बाजूला भोंगे बंद होत होते आणि दुसऱ्या बाजूला वाजायला लागले होते. आमच्या घरात दोन भाऊ या दोन बाजूंना होते. काकांची नोकरी गेली आणि १९८३ ला ते गुहागरला परतले. बाबांना त्याच सुमारास चिंचवडला कायम केलं. वहीत १९८३ ला काकीच्या अक्षरात एवढंच आहे: "हे आता इथेच. भाऊजी आले, तीन दिवस."

काकांनी मग वाडी केली, मासे विकायचा प्रयत्न केला, दुकान टाकलं. दहा-बारा वर्षांनी तालुक्यातच, अंजनवेलला, दाभोळ वीज प्रकल्प आला तेव्हा वाटलं होतं की आता चाकरी गावाजवळ येईल. त्याचा पहिला टप्पा १९९९ ला सुरू झाला आणि २००१ ला बंद पडला. पुढे तो नव्या कंपनीकडून परत सुरू झाला, पण तोवर एक पिढी घाट चढून गेली होती. काकांचा मुलगा, म्हणजे माझा दादा, भोसरीला आला आणि आता चाकणला आहे. चाकणचा पट्टा गेल्या वीस वर्षांत कसा वाढला हे आपल्यातल्या बऱ्याच जणांनी डोळ्यांनी पाहिलंय. २००९ च्या आसपास परदेशी मोटार कंपन्या आल्या आणि तळेगाव-चाकण रस्त्यावर सकाळच्या शिफ्टला मुंगीला जागा राहिली नाही.

दोन आकडे शेजारी ठेवून बघा. २००१ ते २०११ या दहा वर्षांत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६.९७ लाखांवरून १६.१५ लाखांवर आली. वाढली नाही, घटली. सिंधुदुर्गची पण घटली. त्याच दहा वर्षांत पिंपरी-चिंचवड साधारण १० लाखांवरून १७.२७ लाखांवर गेलं. अर्थात हे सगळे कोकणातले नव्हेत. मराठवाडा, विदर्भ, खानदेश, बिहार, केरळ, सगळीकडची माणसं आहेत. पण आमच्या घरासारखी हजारो घरं या दोन आकड्यांच्या मधे कुठेतरी आहेत.

आणि अजून एक आकडा. २०११ ला रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या, महाराष्ट्रात सगळ्यात जास्त. हा आकडा वाचून काही लोक खूष होतात, म्हणतात बघा कोकण किती पुढारलेलं! असेलही. पण त्याचा एक साधा अर्थ असा आहे की पुरुष कामाला बाहेर गेले आणि बायका घरी राहिल्या. माझी आजी. नंतर काकी.

इथे एक आडवळण घेतो, लगेच परत येतो. लोकमान्य टिळकांचा जन्म रत्नागिरीचा, १८५६ चा. मूळ गाव दापोलीजवळचं चिखलगाव. १८९३ ला पुण्यात त्यांनी सार्वजनिक गणेशोत्सवाला बळ दिलं आणि तो महाराष्ट्रभर पसरला. पण त्यांच्या स्वतःच्या जिल्ह्यात गणपती मुख्यतः घरातच राहिला. आजही रत्नागिरी जिल्ह्यात घरगुती गणपती दीड लाखावर आणि सार्वजनिक मंडळं शे-सव्वाशेच्या घरात. शहरातला गणपती चौकाचा असतो, चौक कुठे जात नाही. कोकणातला गणपती घराचा. त्यामुळे घर बंद झालं तर गणपतीचं काय, हा प्रश्न तिथे पडतो. आमच्यापुढे पडला तो हाच.

तर गौरीच्या रात्री जाखडीवाले पुढच्या घरी गेल्यावर आम्ही ओटीवर बसलो. विषय दादाने काढला. काकी आता त्र्याहत्तरची. काका जाऊन सोळा वर्षं झाली. गुडघ्यांची शस्त्रक्रिया करायची आहे. तिला एकटीला इथे ठेवणं त्याला पटत नाही, मोशीच्या फ्लॅटवर न्यायचं म्हणतोय. मग घराला वर्षभर कुलूप. आणि कुलूपबंद घर फक्त गणपतीसाठी उघडायचं म्हणजे काय हे ज्यांनी केलंय त्यांना माहीत आहे. कौलं फुटलेली, वाळवी, भिंतींना बुरशी, विहिरीत पाला. दोन दिवस साफसफाईत आणि दोन दिवस प्रवासात.

बाबा म्हणाले, "आज आरतीला एकोणीस माणसं होतो. त्यातली चौदा निगडी ते चाकणच्या मधे राहतात. गणपतीच तिकडे नेला तर?"

सगळे गप्प. मग एकेक जण बोलायला लागला. पुतण्या चाकणला कॉन्ट्रॅक्टवर आहे. त्याने हिशोब मांडला: पाच दिवस आलो की पाच दिवसांचा पगार गेला, वर हजेरीचा बोनस गेला. धाकट्या आत्याचे मुंबईहून येतात, त्यांना रस्त्याची भीती. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडला सावित्रीवरचा जुना पूल पडला आणि दोन एस.टी. वाहून गेल्या, त्या आठवड्यात ते त्याच रस्त्याने येऊन गेले होते. आत्याचं म्हणणं उलटं. गणपती मूळ घरातच बसतो, तो असा उचलून नेता येत नाही.

बाबांनी शेवटचा पत्ता टाकला. "अगं, चिंचवड म्हणजे काय साधं गाव आहे? मोरया गोसावींचं गाव. आपण 'मोरया' म्हणतो ते त्यांच्या नावाने. तिथे साक्षात मंगलमूर्ती आहे."

माझ्या तोंडून निघून गेलं, "बाबा, पण तो मंगलमूर्ती पण भाद्रपदात पालखीतून मोरगावला जातो. चतुर्थीला तोही चिंचवडात नसतो."

सगळे हसले, बाबा पण. पण हसून प्रश्न सुटतो थोडाच.

मग मी वही काढली. पंधरातले सहा. बाबांना ते माहीत नव्हतं, म्हणजे माहीत असून लक्षात नव्हतं, कारण त्यातल्या काही ओळी त्यांनीच लिहिलेल्या होत्या. मला म्हणायचं होतं ते असं की आपण आलो म्हणून गणपती होतो, हा आपला समज आहे. जे इथे राहतात त्यांच्यामुळे तो होतो. त्यामुळे हे ठरवायचा पहिला हक्क काकीचा. आपण तिला अजून विचारलेलंच नाही.

काकीने वही हातात घेतली आणि मागचं एक पान उघडून माझ्याकडे दिलं. २०२०. त्या वर्षी चतुर्थी २२ ऑगस्टला होती. आठवत असेल, कोकणात यायचं तर दहा दिवस विलगीकरण, ई-पास, चाचणी आणि गावागावांत चाकरमान्यांना येऊ द्यायचं की नाही यावरून भांडणं. आम्ही कोणीच गेलो नव्हतो. व्हिडिओ कॉलवरून आरती केली होती, नेटवर्क तुटत होतं आणि शेवटी आम्ही इकडे एकटेच टाळ्या वाजवत होतो. वहीत लिहिलं होतं: "कोणी आले नाही. मूर्ती लहान आणली. दीड दिवस."

"त्या वर्षी मला कोणी विचारलं नाही गणपती कुठे बसवू म्हणून," काकी म्हणाली. "आणला, बसवला, दुसऱ्या दिवशी शेजारच्या पोराला घेऊन समुद्रावर पोचवला. तुम्ही आलात की घर भरतं, मला बरं वाटतं. नाही असं नाही. पण तुम्ही गेलात की मी बसून रडते असं समजू नका. मला वाडीला पाणी घालायचं असतं."

मग दादाकडे वळून म्हणाली, "गुडघ्याचं करून घेते. दिवाळीनंतर मोशीला येते, मे महिन्यापर्यंत राहते. तुझ्या लिफ्टमध्ये बसून खाली-वर करते. पण मृगाच्या आत मला इथे आणून सोडायचं. पावसात घर एकटं ठेवायचं नाही. उन्हाळ्यात कुलूप चालतं, पावसात नाही. घर पडतं ते पावसात."

दादा म्हणाला, "आणि पावसात तू इथे एकटी, नवे गुडघे घेऊन?"

"मग या ना कोणीतरी," काकी म्हणाली. "वर्षातून एकदा एकदम एकोणीस येता. एकेक करून या की."

खरं सांगतो, कोणाच्याच डोक्यात हे आलं नव्हतं. आम्ही सगळे रजा एकत्र कशी मिळेल याच्या मागे लागलेले. अर्धा तास वादावादी झाली आणि शेवटी वहीच्याच मागच्या पानावर तक्ता केला. जून ते गणपती, पंधरा-पंधरा दिवसांच्या पाळ्या. ज्यांना घरून काम करता येतं त्यांनी जून-जुलै घ्यायचा. पुतण्यासारखे जे शिफ्टला बांधलेले आहेत त्यांनी फक्त चतुर्थीचा एक दिवस आलं तरी चालेल, नाही आलं तरी कोणी बोलायचं नाही. हे शेवटचं बाबांनी स्वतः लिहायला सांगितलं. आत्याला हे फारसं आवडलं नाही. तिच्या मते सण म्हणजे सगळ्यांनी एकत्र असणं. तिचंही बरोबर आहे. ती म्हणाली, "दोन वर्षांत पाळ्या मोडतील, बघा." तेही बरोबर असू शकतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी विसर्जन. गुहागरात विसर्जन बघण्यासारखं असतं. एकेका वाडीतून गणपती डोक्यावर घेऊन माणसं निघतात, गल्ल्यांतून, सुरूच्या बनातून आणि वाळूवर एकदम सगळे एकत्र होतात. ढोल, झांजा, भजनं. डी.जे. नाही. पाऊस थांबला होता. कोणी पाट वाळूवर टेकवून शेवटची आरती म्हणतंय, कोणी नातवाला खांद्यावर घेऊन पाण्यात उतरतंय. कमरेएवढ्या पाण्यात पुतण्याने मूर्ती सोडली, पाट रिकामा करून त्यावर मूठभर वाळू आणली. घरी येऊन ती नेहमीच्या जागी ठेवली. जागा एकदम मोकळी दिसते तेव्हा, दरवर्षी. काकी मात्र तोवर दिवा लावून आत चहा टाकायला गेली होती.

रात्री बाराला आम्ही निघालो. कुंभार्लीत धुकं, पुढे कराडपर्यंत सगळ्या गाड्यांच्या मागच्या काचेवर "गणपती बाप्पा मोरया". बुधवारी सकाळी दहाला मी डेस्कवर होतो, मॅनेजरने विचारलं, "कैसा रहा?" म्हटलं, "अच्छा रहा. जून में पंद्रह दिन वर्क फ्रॉम होम लगेगा." तो म्हणाला, "जून में कौनसा गणपती है?"

निघण्यापूर्वी काकीने वही माझ्यापुढे धरली होती. म्हणाली, या वर्षीचं तू लिही, माझे डोळे आता साथ देत नाहीत. मी मूर्तीचे पैसे लिहिले, किराण्याचे लिहिले आणि शेवटच्या ओळीशी जरा अडलो. सगळ्यांनी लिहिलं होतं तसं "कोण आलं" लिहायचं होतं. एकोणीस नावं लिहिली. मग वरती, सगळ्यांच्या आधी, काकीचं लिहिलं आणि पुढे "इथेच" असं लिहिलं.

असो. जूनचा पहिला पंधरवडा माझा आहे. गुहागरात भर पावसात टिकेल असं इंटरनेट कोणाचं आहे हे कोणाला माहीत असेल तर कृपया सांगा. रजा आता संपल्यात.